पायालगतचे कोन

४ मार्च

धाकट्यास,

पत्राच्या आरंभी आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहितो, आशीर्वाद. त्यात पाणी किती घातलंय ते तुझं तू ओळख.

तुझं पार्सल काल दुपारी आलं. अकरा वर्षांत एक ओळ नाही, आणि आता एकदम माझ्या छातीला लागेल एवढा त्रिकोण, पुठ्ठ्यात बांधलेला, वर सुतळीच्या बारा गाठी. गाठी मी मोजल्या. पोस्टमन म्हणाला, "मिस्त्रीकाका, एवढा मोठा पतंग कोण उडवणार?" सही करायच्या आधी मी पार्सल कानाशी धरून हलवलं. आत काहीतरी जड लटकत होतं. पोस्टमन हसला. त्याला हसायला काय जातंय.

पुठ्ठा फाडून बघतो तर अण्णांचा साक्षीदार.

पोस्टमन हलेना. "हे काय असतं?" म्हणून विचारत बसला, तेव्हा त्याला सांगावं लागलं. दोन सारखे लाकडी पाय, वर शेंड्याला जोडलेले. मध्ये एक आडवी पट्टी. शेंड्यातून दोरी सोडलेली, दोरीला शिशाचा ओळंबा. जमीन सपाट असली की दोरी पट्टीच्या मधल्या खाचेवर येऊन थांबते. जमीन कलली की दोरी उताराच्या अंगाला सरकते. आमचे वडील फरशी बसवायचे, ते याला साक्षीदार म्हणायचे. "म्हणजे हा खोटं बोलतच नाही?" पोस्टमनने विचारलं. मी म्हटलं, "कोणी बोलायला लावलं तरच," आणि दार लावून घेतलं.

आता मुद्द्याचं. आत चिठ्ठी नाही. पुठ्ठ्याची घडी न् घडी उलगडून बघितली, आत कोंबलेले कागद झटकले. काही नाही. पत्त्यावरचं अक्षर तुझं नाही. तुझी अक्षरं दमल्यासारखी डावीकडे कलतात. ही गोल आहेत, सावकाश काढलेली, शिकलेल्या माणसाची. कोणाकडून लिहून घेतलंस? वकिलाच्या कारकुनाकडून?

शिवाय हा पत्ता. या घरात येऊन आम्हाला चार वर्षं झाली, तुला तो कोणी दिला? तुझ्या वहिनीला विचारलं. ती वह्या तपासत होती, मान वर न करता म्हणाली, "घर बदललं तेव्हा जाऊबाईंना एक कार्ड टाकलं होतं." एकच? "एकच." ती शाळेत भूमिती शिकवते. काहीही बोलली तरी सिद्ध करून दिल्यासारखं बोलते, त्यामुळे खरं-खोटं कळायला मार्ग नाही.

हा साक्षीदार मीच तुझ्या पायाशी फेकला होता. "घेऊन जा तुझा खोटा साक्षीदार," असं म्हणालो होतो आणि तो शब्द मी मागे घेतलेला नाही. मग तो आता परत पाठवण्यात तुझा डाव काय आहे? कापलेल्या पायाला नवा तुकडा जोडून, रंधा मारून, "बघ दादा, कापलाच नव्हता" असं म्हणणार असशील, तर लक्षात ठेव, मी उद्या टेप घेऊन बसणार आहे.

कळावे, असं शेवटी लिहितात. तुला कळेल असं वाटत नाही, तरी लिहितो.

थोरला

९ मार्च

धाकट्यास,

इथून तुझ्याकडे पत्र तीन दिवसांत पोचतं, हे मी पोस्टात विचारून आलो. म्हणजे माझं पत्र तुला मिळालंय आणि तू गप्प आहेस. कर नाही त्याला डर कशाला, म्हणतात.

मोजलं. तीनदा मोजलं. उजवा पाय चोपन्न इंच. डावा पाय चोपन्न इंचाला तीन सूत कमी. (इंचाचे सूत आठ, हे तुझ्या वहिनीला सांगावं लागलं. एवढी शिकलेली बाई, पण सूत माहीत नाही.) डाव्या पायाच्या तळाला करवतीचा काप तसाच आहे. नवा तुकडा जोडलेला नाही. दुसराच कुठला तरी साक्षीदार गळ्यात मारलास का, तेही पाहिलं, पण शेंड्याजवळची डोळ्यासारखी गाठ आहे जागेवर.

मग दोन्ही पायांच्या टोकांना दोरी ताणली आणि शाळेच्या फळ्यावरचा मोठा कोनमापक आणून पायालगतचे दोन्ही कोन मोजले. डावीकडचा कोन उजवीपेक्षा जवळजवळ एक अंशाने मोठा. तुझी वहिनी म्हणाली, "बाजू सारख्या असत्या तर पायालगतचे कोन एकरूप आले असते. कोन एकरूप नाहीत, म्हणजे बाजू सारख्या नाहीत. इथपर्यंत तुमचं बरोबर आहे."

इथपर्यंत म्हणजे काय? तीन सूत कमी असलेला पाय तू जसाच्या तसा मला पाठवतोस, याला मी कबुलीजबाब समजायचा ना?

उद्या कानावर हात ठेवशील, म्हणून काय घडलं ते लिहूनच ठेवतो. वाचनालयाचा मोठा हॉल, चोवीस फूट. मुलीला ताप म्हणून तू दोन दिवस आला नाहीस. त्या दोन दिवसांत मी एकट्याने साक्षीदार लावून पातळी घेतली, नीट, दोनदा तपासून, आणि फरशी बसवली. पहिल्यांदा फरशी पुसायला पाणी टाकलं ते सगळं धावत मासिकांच्या कपाटाखाली गेलं. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन इंचांचा उतार. पेन्सिल खाली ठेवली की वाचक तिच्या मागे पळायचे. लोक म्हणायला लागले, "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. हे तर मिस्त्रीनेच वाकडं करून ठेवलं." तिरपेमिस्त्री हे नाव मला तेव्हा पडलं, ते अजून पुसलं गेलेलं नाही.

मी वाचनालयाच्या आवारात, चिटणिसांच्या समोर, साक्षीदाराचे पाय मोजून दाखवले. साक्षीदार कायम तुझ्या हातात असायचा. मी माल कालवणार आणि फरशी ठोकणार, तू साक्षीदार धरणार, असंच आपलं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग पाय कोणी कापला? मी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू नाही म्हणालास का? नाही. हो म्हणालास का? नाही. चारचौघांत माझ्याकडे बघून एवढंच विचारलंस, "दादा, उलटतपासणी केलीस का?"

उलटतपासणी! ज्याचं नाव गेलं त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं. मी विचारलं, "तू वकील कधी झालास?" तू साक्षीदार उचललास, खांद्यावर टाकलास आणि गेलास. मला तुझं सगळं विसरता आलं असतं, पण तो शब्द अजून कानात आहे.

हे सगळं तुझ्या वहिनीला परत एकदा सांगितलं. ती म्हणाली, "मग सिद्ध करा. कागद घ्या." मी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं:

पक्ष: (१) डावा पाय तीन सूत कमी. (२) साक्षीदार कायम धाकट्याच्या हातात. (३) पाय धाकट्याने कापला.
साध्य: पाय धाकट्याने कापला.

तिने तिसऱ्या ओळीवर लाल पेनाने रेघ मारली. "जे सिद्ध करायचंय तेच पक्षात लिहून ठेवलंय तुम्ही. पक्षातच चोर बसवला, तर सिद्धता कशाला हवी? नववीतली पोरं हेच करतात. शून्य."

"शून्य?"

"बरं, एक गुण. अक्षर चांगलं आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ.

थोरला

१४ मार्च

धाकट्यास,

अजून उत्तर नाही. आता मला दुसराच संशय येतोय, तुझी वहिनी तुला सामील आहे.

परवा ती तुझ्या पार्सलचा पुठ्ठा घेऊन बसली. मला वाटलं, रद्दीत टाकेल. तर तिने त्यावर पट्टीने एक समद्विभुज त्रिकोण आखला. शेंड्याला अ, डाव्या पायाला ब, उजव्या पायाला क. मग ब्लेडने तो असा कापला की त्रिकोण वेगळा निघाला आणि पुठ्ठ्यात त्याच मापाची खिडकी राहिली.

"उद्या वर्गात हे दाखवणार आहे," ती म्हणाली. "अब आणि अक सारख्या आहेत, तर कोन ब आणि कोन क एकरूप हे सिद्ध करायचं. पोरं काय करतात, शेंड्यातून खाली एक रेघ ओढतात, एकाचे दोन त्रिकोण करतात आणि मग त्या दोघांची तुलना करतात. पण रेघ न ओढताही येतं. दुसरा त्रिकोण लागतच नाही. याची तुलना याच्याशीच करायची."

"स्वतःची स्वतःशी? ही कसली तुलना? घरचाच आरोपी आणि घरचाच न्यायाधीश."

"उलटून," ती म्हणाली, आणि तिने पुठ्ठ्याचा त्रिकोण उचलून पालथा घातला. ब होता तिथे क आला, क होता तिथे ब. खिडकीत ठेवला, अगदी गपकन बसला. "बघा. अब च्या जागी अक आली, त्या सारख्याच. अक च्या जागी अब. मधला कोन तोच. बाजू, कोन, बाजू, बाकोबा कसोटी. म्हणजे सरळ त्रिकोण आणि उलटा त्रिकोण एकरूप. मग ब च्या जागी आलेला क, ब एवढाच असणार. झालं."

मी संशयाने तो पुठ्ठा हातात घेतला, स्वतः उलटला, परत बसवला. बसला. मग मी म्हटलं, एका बाजूने तीन सूत कापून बघू. तिने कापला. खिडकीत सरळ ठेवला तर एका अंगाला फट, उलटा ठेवला तर दुसऱ्या अंगाला तेवढीच फट.

"पाहिलंत?" ती म्हणाली. "एकदा सरळ ठेवला आणि फट दिसली, तर चूक खिडकीची की त्रिकोणाची हे कळत नाही. उलटला की कळतं. फट त्याच्याबरोबर फिरली, तर चूक त्याची. फट जागेवर राहिली, तर चूक खिडकीची."

तिला यात काही विशेष वाटलं नाही. ती पुढची वही तपासायला लागली. मी मात्र तो पुठ्ठा परत परत उलटत राहिलो.

कारण मला तू दिसलास. प्रत्येक जागी साक्षीदार एकदा लावायचास, खूण करायचास, मग तो अख्खा गर्रकन फिरवून डावा पाय उजव्याच्या जागी न् उजवा डाव्याच्या जागी ठेवायचास, परत खूण. मी माल कालवत ओरडायचो, "अरे, नाचवतोस काय त्याला? माल सुकतोय!" मला तो वेळकाढूपणा वाटायचा. मला वाटायचं, मोठ्या भावापेक्षा आपल्याला जास्त कळतं हे दाखवतोस.

एक गोष्ट दुरुस्त करतो. मागच्या पत्रात वाचनालयात दोनदा तपासलं असं लिहिलंय. दोनदा नाही, एकदाच. एकाच तोंडाने, सरळ पुढे पुढे सरकवत गेलो. तू परत यायच्या आत मला हॉल पुरा करायचा होता. तुझ्यावाचून माझं अडत नाही हे तुला दाखवायचं होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, तुझ्या वहिनीलासुद्धा.

पण म्हणून पाय तू कापला नाहीस असं ठरत नाही. फिरवायची गरज तुला का पडत होती? पाय आखूड आहे हे तुला माहीत होतं म्हणूनच ना? माहीत कसं होतं? याचं उत्तर दे.

थोरला

१९ मार्च

धाकट्या,

तुझ्या उत्तराची आता वाट बघत नाही. ते साक्षीदाराकडेच मिळालं.

काल पट्टी पुसायला घेतली. तिच्यावर पेन्सिलीच्या बारीक बारीक खुणा आहेत, त्या मी जन्मभर पाहत आलो आणि गिरगोट्या समजत आलो. ओलं फडकं लावलं तर त्यातल्या कित्येक जांभळ्या झाल्या. मी फडकं तिथेच ठेवलं.

ओली केली की जांभळी उमटणारी पेन्सिल जिभेला लावून लिहायची सवय अण्णांची. ओठ कायम जांभळे असायचे, आई त्यावरून बोलायची. अण्णा गेल्यावर ती पेन्सिल आपल्यापैकी कोणी वापरली नाही, तुझी लाल असायची आणि माझी खिशात असेल ती.

भिंग आणलं. जांभळ्या खुणा सगळ्या जोड्यांनी आहेत. काही जोड्या जवळजवळ, काही लांब लांब. सरळ आणि उलट्या खुणेच्या मध्यावर दोरी आली की जमीन सपाट, म्हणून मी प्रत्येक जोडीचा मध्य काढत गेलो. एकवीस जोड्या मोजल्या. एकवीसच्या एकवीस जोड्यांचा मध्य एकाच ठिकाणी येतो, आणि ते ठिकाण मधली खाच नाही. खाचेपासून दीड सूत डावीकडे, आखूड पायाच्या बाजूला.

तुझ्या वहिनीने विचारायच्या आधी मीच कागद घेतला. पक्ष: जांभळ्या खुणा अण्णांच्या. पाय सारखे असते तर जोड्यांचा मध्य खाचेवर आला असता. तो आला नाही. म्हणजे खुणा करताना पाय सारखे नव्हते. अण्णांना जाऊन वीस वर्षं झाली, वाचनालयाची भानगड अकरा वर्षांपूर्वीची. म्हणून पाय अण्णांच्या हयातीतच आखूड होता, अण्णांना ते ठाऊक होतं आणि ते साक्षीदाराला उलटून दोन्हीकडून विचारत होते.

तुझ्या वहिनीने वाचलं. लाल पेन उघडलं आणि तसंच बंद केलं. मग म्हणाली, "उलटून तपासणं. उलटतपासणी. साक्षीदाराची घेतात तीच की."

मी तिला तो शब्द परत म्हणायला लावला.

त्या दिवशी आवारात तू मला वकिली दाखवत नव्हतास. साक्षीदार उलटून पाहिलास का, एवढंच विचारत होतास. हा अण्णांचा शब्द असणार. मी चार वर्षं बाहेरगावी दुसऱ्या ठेकेदाराकडे होतो, तेव्हाचा असणार, म्हणून तुला माहीत आणि मला नाही. बरोबर ना?

लोक सुतावरून स्वर्ग गाठतात. मी तीन सुतांवरून गाठला आणि वर अकरा वर्षं राहिलो.

पाय कोणी आणि का कापला हे अजून कळलेलं नाही. पण तू नाही. हे मी पक्षात लिहिलेलं नव्हतं, शेवटी निघालं आहे.

लिही काहीतरी. शिव्या लिही.

दादा

२४ मार्च

मोठ्या काकांना नमस्कार,

पार्सलवरचं अक्षर माझं. मी वकिलाची कारकून नाही, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वाचनालयाच्या कामावेळी ताप आला होता तोही मलाच.

मागच्या वर्षी बाबांना झटका आला. उजवा हात उचलत नाही, उजवा पाय ओढत चालतो, जास्त करून चाकांच्या खुर्चीतच असतात. बोलतात, पण सावकाश. लिहिता येत नाही. तुमची चारही पत्रं मी त्यांना वाचून दाखवली. खरं सांगते, पहिली दोन वाचताना मला ती फाडावीशी वाटली. मी विचारलं, "काही ओळी गाळू का?" ते म्हणाले, "नको, सगळं वाच. दादाचा आवाज ऐकू येतो."

पाय कोणी कापला ते सांगायला त्यांनी मला दोन दुपारी बसवलं. तुम्ही बाहेरगावी होतात तेव्हा साक्षीदार परांचीवरून खाली पडला आणि डाव्या पायाचं टोक फाटलं. आजोबांनी फाटलेलं तेवढं करवतीने काढून टाकलं. बाबांनी विचारलं, "अण्णा, दुसराही तेवढाच कापू का? सारखे होतील." आजोबा म्हणाले, "एकाचा पाय दुखावला म्हणून दुसऱ्याचा कापायचा नसतो. त्याला उलटून विचार, तो खरं सांगेल." त्यालाच ते गमतीने उलटतपासणी म्हणायचे. तुम्ही परत आलात तोवर तो शब्द घरात इतका मुरला होता की तुम्हाला तो माहीत नसेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी बाबांना विचारलं, "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "राग आला होता. दादाला अण्णांचासुद्धा शब्द कळेना, असं वाटलं. मग राग जुना झाला आणि सांगायचं राहून गेलं." चौथं पत्र वाचल्यापासून ते अस्वस्थ आहेत. तुम्हाला तो शब्द नवा होता हे त्यांनाही आत्ताच कळलं.

साक्षीदार का पाठवला, हे तुम्ही पहिल्याच पत्रात विचारलंय. त्याला उलटवायला दोन हात लागतात, बाबांचा आता एकच आहे. चिठ्ठी घालू का, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "नको. दादाला मोजू दे. मोजल्याशिवाय त्याला पटत नाही." गाठी तेरा मारल्या होत्या, एक वाटेत सुटली असेल.

आमच्या भाड्याच्या घराची फरशी कललेली आहे. खुर्चीचा ब्रेक सोडला की बाबा आपोआप खिडकीशी जातात. आईला भीती वाटते. बाबा हसतात आणि म्हणतात, "ही दादाने बसवलेली दिसते."

काकूंना नमस्कार. त्यांचं कार्ड आईने जपून ठेवलंय. एकच आहे.

तुमची पुतणी

२९ मार्च

धाकट्या,

पोरीचं पत्र आलं. मी ते तुझ्या वहिनीला वाचून दाखवायला लागलो आणि "दादाचा आवाज ऐकू येतो" इथवर येऊन ते तिच्या हातात दिलं. पुढचं तिने वाचलं.

काल वाचनालयात गेलो. अकरा वर्षांत त्या रस्त्याने गेलो नव्हतो, औषधं आणायलासुद्धा लांबचा फेरा घ्यायचो. ते जुने चिटणीस अजून येतात, निवृत्त झालेत पण वर्तमानपत्र वाचायला येतात. मला बघून त्यांनी आधी टेबलावरची पेन्सिल उचलून खिशात ठेवली. सवय आहे त्यांना.

मी म्हटलं, "हॉलमध्ये पाच मिनिटं हवीत." साक्षीदाराची एक बाजू तुझ्या वहिनीने धरली, एक मी. पहिल्यांदा सरळ लावला, खूण केली. मग उलटला. दुसरी खूण केली. दोन्हींचा मध्य काढला, तो अण्णांच्या जांभळ्या खुणांच्या मधोमध आला. पुढे सरकलो, परत तेच. चोवीस फूट गेलो. त्या दिवशी तुझी वाट बघितली असती तर अर्ध्या तासाचं काम होतं.

मग चिटणिसांसमोर उभा राहिलो. जिथे तुझ्याकडे बोट दाखवलं होतं तिथेच, आवारात, पायरीपाशी. वाचायला आलेली आठ-दहा माणसं होती. मी म्हटलं, "ती फरशी माझ्या चुकीने तिरपी झाली. मी घाई केली. माझ्या भावाने पाय कापला नव्हता, मी खोटं बोललो." चिटणीस म्हणाले, "खोटं नाही हो, गैरसमज." मी म्हटलं, "नाही. ज्याची खात्री केली नाही ते चारचौघांत छातीठोकपणे सांगितलं. त्याला खोटंच म्हणतात." घरी येताना साक्षीदार तुझ्या वहिनीने स्वतः खांद्यावर घेतला.

फरशी मी काढून नव्याने बसवून देणार आहे. ते म्हणतात, आता सवय झालीय, असू द्या. मी ऐकणार नाही.

तुझी माफी मागतो. हे असं मागायला जमत नाही, तू ओळखतोसच. अकरा वर्षांत माझ्या हाताखाली चार जण येऊन गेले. एकानेही मला "केलीस का?" असं विचारलं नाही. सगळे "हो मिस्त्री" म्हणायचे. तू विचारलंस म्हणून तुला घालवलं. तू आजारी पडलास तेव्हा मी इथे वाकड्या तोंडाने जगत होतो आणि मला कोणी सांगायलाही धजलं नाही. याचं मला फार वाईट वाटतं. माझ्या घरात बसून मी तुझ्या गाठी मोजत होतो.

रविवारी दुपारच्या गाडीने आम्ही दोघं निघतोय. दार उघडायचं की नाही ते तू ठरव. नाही उघडलंस तर पायरीवर बसेन, मला कुठे घाई आहे. माझी थापी, हातोडा, गुण्या सगळं पिशवीत भरलंय. तुमची ती खोली मी बघणार आहे. पोरी, तोवर खुर्चीचा ब्रेक लावून ठेवा. आणि हो, तेरावी गाठ त्या पोस्टमनने सोडली असणार, मला पहिल्यापासून त्याचा संशय होता.

साक्षीदार बरोबर आणतोय. तुझा डावा हात चालतो ना? मग एक पाय तू धरून ठेव. उलटवायचं मी बघतो.

तुझा,
दादा